ताट वेगळं नको

पुणे, १२ फेब्रुवारी

ती. आई व ती. आप्पा यांना शि. सा. नमस्कार.

फोनवर माझ्या आजाराचं आणि रजेचं बोलणं होतच नाही. आई रडायला लागते, आप्पा "बघू, उद्या बोलू" म्हणून फोन ठेवतात, आणि उद्या पुन्हा तेच. म्हणून लिहिते आहे. आप्पांनी चष्मा लावून मोठ्याने वाचावं आणि आईने मध्येच उठून गॅसकडे जाऊ नये.

आधी हे ऐका की मी पीएच.डी. सोडलेली नाही. वर्षभराची वैद्यकीय रजा घेते आहे. नोंदणी कायम राहते, मार्गदर्शक मॅडम त्याच, विषयही तोच. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि एमआरआयचा रिपोर्ट जोडून अर्ज केला, मॅडमनी त्यावर शिफारस लिहिली आणि तो पुढे गेला. दर सहा महिन्यांनी समितीसमोर उभं राहून काम किती झालं ते सांगावं लागतं, ते रजेत नाही. हॉस्टेलची खोली मात्र सोडावी लागेल आणि फेलोशिप थांबेल.

आप्पा, तुमचं म्हणणं की टीबीची माणसं गोळ्या घेत कामाला जातात, मग रजा कशाला? जातात, खरं आहे. फुप्फुसाचा टीबी असता तर मीही कदाचित थोड्या आठवड्यांत लॅबमध्ये परत गेले असते. माझा मणक्यांत आहे. पाठीच्या खालच्या बाजूचे दोन मणके आणि त्यांच्या मधली गादी पोखरली गेली आहे. औषधाने जंतू मरतो, पण हाड पुन्हा भरून यायला वेळ लागतो. घराचा स्लॅब ओला असताना टेकू काढायला निघालेल्या मिस्त्रीवर तुम्ही कसे ओरडला होतात, आठवतं? सध्या माझी पाठ त्या स्लॅबसारखी आहे. मी घालते तो पट्टा म्हणजे टेकू. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, दुचाकीवर बसायचं नाही, आणि धक्के तर अजिबात नकोत.

आता माझं काम काय आहे ते आठवा. यावल-रावेरच्या विहिरी आणि बोअर. सातपुड्याच्या पायथ्याला जो दगडगोट्यांचा पट्टा आहे, तिथून पाणी जमिनीत मुरतं आणि खाली तापीकडे सरकतं. वर केळीने उपसा एवढा वाढला की हे दोन्ही तालुके भूजलाच्या सरकारी मोजणीत 'अतिशोषित' म्हणून लागले. एकेका गावात जाऊन पातळी मोजायची, कॅन भरायचे, ते गाडीवर बांधून फैजपूरला मावशीकडे आणायचे. हे पट्टा बांधून होत नाही. आणि अर्धवट करूनही उपयोग नाही, कारण मे महिन्यातली पातळी आणि पावसाळ्यानंतरची पातळी यांतल्या फरकावरच सगळा हिशेब उभा असतो. मेची फेरी चुकली की ऑक्टोबरचे आकडे एकटे पडतात. म्हणजे मी ओढूनताणून दोन-तीन महिन्यांत उठले तरी हे वर्ष प्रबंधाच्या कामाचं नाहीच. मॅडमनी हे आधी ओळखलं. त्या म्हणाल्या, "विहिरी कुठे पळून जात नाहीत. तू नीट हो."

वर्ष वाया जाईल ही तुमची धास्ती. युजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत. त्यावर पुनर्नोंदणी करून दोन वर्षं मिळतात, आणि बाईमाणसाला आणखी दोन, सगळी मिळून दहाच्या पुढे नाही. रजेचं वर्ष त्यात धरलं तरी हातात भरपूर राहतं. बाईमाणूस असण्याचा सरकारदरबारी एवढा तरी फायदा.

आता आईसाठी. परवा तू हळूच विचारलंस, "ताट-तांब्या वेगळा काढून ठेवू का?" मी गप्प बसले, तुला वाटलं लाइन कटली. मला आबाकाका आठवले. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण आपल्या घरात त्यांचं ते जर्मनचं ताट कोणी न सांगताही सगळ्यांना माहीत आहे. मिलमधून खोकत घरी आले, खळ्यात खाट टाकून दिली, भाकरी वरून टाकायची, ताट त्यांनीच घासायचं आणि खळ्याच्या भिंतीला उलटं लावून ठेवायचं. आप्पा, तुम्ही लहान होतात, तुमचा काही दोष नाही. पण त्यांचं नाव आजही आपल्याकडे श्राद्धापुरतंच निघतं. माणूस आजाराने गेला की एकटा पडून गेला, हे कोणी बोलत नाही.

तर आई, नीट ऐक. टीबी ताटातून, तांब्यातून, अंथरुणातून कुणाला लागत नाही. ज्याच्या फुप्फुसात किंवा घशात आहे, त्याच्या खोकल्यातून हवेत जातो आणि हवेतून दुसऱ्याच्या छातीत. माझी छाती एक्स-रेत स्वच्छ आली. मणक्यातला टीबी मणक्यातच असतो, तो बाहेर पडून तुझ्या पोळीवर बसत नाही. "आपल्याकडे आला कुठून" याचं उत्तर डॉक्टरांकडेही नाही. तो कधीतरी श्वासातून शिरतो, वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतो, आणि बहुतेकांना कधीच त्रास देत नाही. मला दिला. नजर लागली नाही, हॉस्टेलच्या जेवणाने झाला नाही, आणि उपास धरून तो जाणारही नाही. मनुदेवीला नवस बोललीच असशील तर मी बरी झाल्यावर दोघी जाऊन फेडू, पण तोवर तुझं जेवण बंद करू नकोस. तुझी शुगर मला माहीत आहे.

गोळ्या रोज आहेत, बारा महिने तरी, लागल्या तर अठरापर्यंत. पहिले दोन महिने चार औषधं, मग तीन. जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारा आहे, ही त्यातली चांगली बातमी. लघवी लाल-नारिंगी होते, ते औषधाचा रंग आहे, घाबरून कुणाला फोन करायचा नाही. उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसले, किंवा लाल-हिरव्यात गोंधळ व्हायला लागला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. पायातली ताकद कमी वाटली तर रात्र असली तरी थांबायचं नाही.

ही औषधं सरकारी आहेत, फुकट. पुण्यातली नोंद आता अमळनेरच्या सरकारी दवाखान्याकडे जाईल. याचा अर्थ लक्षात घ्या: आशाताई घरी येणार, गोळ्या घेतल्या का म्हणून विचारणार, आणि संध्याकाळपर्यंत मारुतीच्या पारावर कळणार. म्हणजे "पोरगी सुट्टीवर आली", "पाठीत उसण भरली" हे जे तू परवापासून सांगत सुटली आहेस, ते आठवडाभरही टिकणार नाही. आणि बायका दारात येऊन "काय व्हयनं व माय?" विचारतील तेव्हा तू काय करणार, मला घरात दडवणार? कानबाईच्या रोटाला सगळी भाऊबंदकी घरात असते. तोवर मी पट्टा बांधून ओसरीत बसलेली असेन. आधीच सांगितलेलं बरं.

चोपड्याच्या लोकांनाही तेच. त्यांना आखाजीनंतर बघायला यायचं आहे ना? आप्पा, तुम्ही स्वतः फोन करून सांगा: मुलीला मणक्याचा टीबी झाला आहे, वर्षभर उपचार आहेत, यंदा बघण्याचा कार्यक्रम नाही. ते नाही म्हणाले तर नाही म्हणू देत. औषध पूर्ण झाल्यावर लग्नाला, मुलाबाळांना काही अडचण नसते, हे मी डॉक्टरांना स्पष्ट विचारून घेतलं आहे (आई, तुझ्यासाठीच विचारलं, मला अजून घाई नाही). पण ज्या घरात आजार लपवून जायचं, तिथे गोळीचं पाकीटही लपवावं लागेल.

पैशांचं. महिन्याचे ३७,००० थांबतील, हे खरं. माझ्याकडे थोडे साठलेले आहेत, आणि टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकार महिन्याला १,००० देतं, ते माझ्या खात्यात येतील. तेव्हा माझ्या खोलीत भरून ठेवलेला कापूस माझ्यासाठी मिळेल त्या भावात काढू नका. भाव येईपर्यंत राहू द्या, मी पुढच्या खोलीत झोपेन. तसंही कापसाच्या खोलीत मला शिंका येतात.

तिथे बाज नको. मध्ये झोळ पडतो, पाठ वाकते. लाकडी पलंगावर साधी कापसाची गादी टाका. संडासात बसायला खुर्ची लागेल, अमळनेरला सर्जिकलच्या दुकानात मिळते. खाण्यात प्रथिनं जास्त हवीत. डॉक्टरांनी अंडी सांगितली, मी म्हटलं वडिलांच्या गळ्यात माळ आहे. ते हसले आणि म्हणाले, मग डाळी, दूध, शेंगदाणे वाढवा. आपल्याकडे कळण्याची भाकरी आहेच, त्यात उडीद असतो, वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. भरताची वांगी संपायच्या आत मी पोचते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात येईन. एसटीने नाही, ट्रेनने, खालचा बर्थ घेऊन, जळगावला उतरेन. मैत्रीण सोबत आहे, सामान ती बघेल. आप्पा, तिथून पुढे काकांची गाडी घ्या आणि त्यांना हळू चालवायला सांगा. रस्ता कसा आहे ते तुम्ही जाणता. तुम्ही स्टेशनवर माझी बॅग उचलायची नाही, तुमचा स्वतःचा गुडघा दाखवायचा अजून राहिला आहे. तो आपण अमळनेरला माझ्या तपासणीच्या दिवशीच दाखवू.

आई, हे वाचून झालं की तू आत्याला फोन लावशीलच. तेव्हा आजाराचं नाव घेऊन सांग.

तुमची,
ताई