एक्सएमएलच्या झाडात वाट दाखवणाऱ्यांचे आभार

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील एलिमेंटट्री हे एक्सएमएल वाचण्याचे साधन वापरून एका एक्सएमएल फाइलमधून (म्हणजे टॅग नावाच्या खुणांमध्ये, एकात एक घटक बसवून माहिती मांडणाऱ्या फाइलमधून) पुस्तकांची शीर्षके वेगळी काढण्याचा माझा प्रयत्न ३ दिवस फसत होता. ज्यांची नावेही मला ठाऊक नाहीत अशा काही जाणकारांनी तो मार्गी लावला, त्यांचे मनःपूर्वक आभार.

फाइल बिनचूक वाचली जात होती, सर्वांत बाहेरचा मूळ घटकही हाती येत होता. मात्र घटक शोधणाऱ्या ‘फाइंडऑल’ला शीर्षकाच्या टॅगचे नाव दिले की दर वेळी रिकामी यादी परत येत असे. पहिल्या मदतनीसाने लक्षात आणून दिले की नुसते नाव दिल्यास ‘फाइंडऑल’ केवळ थेट अपत्य घटक पाहते, नातवंडांपर्यंत पोहोचत नाही. सर्व पातळ्यांवर शोधायचे असल्यास ‘आयटर’ वापरावे. तरीही यादी रिकामीच राहिली, तेव्हा दुसऱ्याने मूळ घटकाचा टॅग छापून पाहायला सांगितले आणि खरे कारण उघड झाले: फाइलच्या सुरुवातीलाच नेमस्पेस (टॅगची नावे इतर नावांत मिसळू नयेत म्हणून दिलेली ओळख) घोषित केलेला असल्यामुळे प्रत्येक टॅगच्या नावाआधी महिरपी कंसात तो संपूर्ण जोडला जात होता, आणि मी मात्र आखूड नावानेच हाका मारत बसलो होतो. (इतके साधे कारण आधी लक्षात येऊ नये, याची थोडी लाजच वाटते.)

एका पुस्तकाला शीर्षकच नव्हते, तिथे एकच घटक शोधणाऱ्या ‘फाइंड’कडून ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’) आल्यामुळे प्रोग्राम कोसळत होता. त्यासाठी घटकातील मजकूर थेट देणाऱ्या ‘फाइंडटेक्स्ट’ला, घटक न सापडल्यास वापरायचे पर्यायी मूल्य देण्याची सूचनाही याच जाणकारांची. तयार उत्तर हाती न देता त्यांनी प्रत्येक पायरी मला स्वतः चालवून पाहायला लावली, याबद्दल मी त्यांचा विशेष ऋणी आहे.