सगळेच दैवदुर्विलास नसतात

संपादक महाशय,

छत्री विसरली आणि पाऊस आला, की लगेच ‘केवढा हा दैवदुर्विलास!’ अहो, ही नुसती फजिती. दैवदुर्विलासाला उलटा पेच लागतो. ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकातला ईडिपस राजा स्वतःविषयीचे भाकीत चुकवायला घर सोडतो आणि नेमका त्याच भाकिताच्या वाटेला लागतो; प्रेक्षकांना ते ठाऊक असते, फक्त त्याला नसते. इतिहासही मागे नाही. २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिसमध्ये १५ देशांनी युद्धाचा त्याग करणाऱ्या करारावर सह्या केल्या. त्यांत पुढे दुसरे महायुद्ध पेटवणारे जर्मनी, इटली आणि जपानही होते! (सह्या बहुधा सुबक असाव्यात.) उपरोधाचे मात्र वेगळे, तो बोलणाऱ्याच्या जिभेवर असतो. तासभर उशिरा येणाऱ्याला ‘या, लवकर आलात!’ म्हणतात, तो उपरोध. काहीजण त्यावर ‘धन्यवाद’ म्हणतात.

– एक वाचक