चित्र पाहणे वेगळे, वेध घेणे वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सूर्यावर अहोरात्र नजर ठेवणारी अवकाशयाने असताना हौशी मंडळींनी बुधाचे अधिक्रमण, म्हणजे बुध सूर्यबिंबासमोरून सरकत जाणे, पाहायला उन्हात दुर्बिणी मांडून का बसावे, असा प्रश्न एका वाचकाने गेल्या आठवड्यात याच सदरात विचारला होता. त्याहून कितीतरी सुबक चित्र घरबसल्या मोबाइलवर दिसते, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न प्रामाणिक आहे. मी गेली अनेक वर्षे हे वेध घेत आलो आहे, म्हणून उत्तर द्यावेसे वाटले.

बुध आणि शुक्र या दोनच ग्रहांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत आहेत, त्यामुळे सूर्यबिंबावरून सरकताना आपल्याला हेच दोन ग्रह दिसू शकतात. त्यांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी थोड्या कललेल्या आहेत. बुधाची ७ अंशांनी, शुक्राची सुमारे ३.४ अंशांनी. म्हणून बहुतेक वेळा ते सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातात आणि अधिक्रमण होत नाही. बुधाची अधिक्रमणे शतकात तेरा-चौदा होतात, तीही मे किंवा नोव्हेंबर महिन्यातच. शुक्राची गोष्ट आणखी दुर्मीळ. १८८२ नंतर थेट २००४, मग २०१२ आणि आता २११७.

९ मे २०१६ ची दुपार मला अजून लख्ख आठवते. आम्ही चौघे होतो. साठ मिलिमीटरची साधी दुर्बीण, आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) मागे पुठ्ठ्याचे खोके आणि त्यात पांढरा कागद. कागदावर वीतभर सूर्य पडला होता. एकाने मोबाइलवरची वेळ सेकंदासकट मोठ्याने पुकारायची आणि बाकीच्या तिघांनी एकमेकांना न सांगता आपापल्या वहीत लिहायची, असे ठरले होते. पहिला स्पर्श, म्हणजे बुध सूर्याच्या कडेला बाहेरून टेकतो तो क्षण, कुणालाच नेमका पकडता येत नाही. कडेला खाच पडलेली दिसते तेव्हा तो क्षण उलटून गेलेला असतो. पण सुमारे तीन मिनिटांनी बुध पूर्ण आत येतो, तो दुसरा स्पर्श. त्या तीन मिनिटांत कुणी हूं की चूं केले नाही. टाचणीच्या डोक्याहून लहान काळा ठिपका कडेपासून सुटतोय असे वाटायचे आणि पुन्हा चिकटल्यासारखा दिसायचा. शेवटी कडा आणि ठिपका यांच्यामध्ये उजेडाचा केसाएवढा धागा आला. वह्या जुळवल्या तेव्हा तिघांच्या वेळांत १४ सेकंदांपर्यंत फरक होता. सरासरी काढून एक आकडा लिहावा, असे एकाने सुचवले. आम्ही तसे केले नाही. तिन्ही आकडे, दुर्बिणीचा आकार, वर्धन (ती किती पट मोठे दाखवते) आणि हवा किती थरथरत होती हे सगळे जसेच्या तसे लिहून ठेवले.

त्याच सूर्यावर थोड्या अंतरावर सौरडागही होते. बघायला आलेल्या मुलांना तोच बुध वाटला. मुलांना तिथेच फरक दाखवता आला. डागाभोवती करड्या रंगाची झालर असते आणि त्याचा आकार वेडावाकडा असतो. ग्रह मात्र कंपासने काढावा तसा गोल आणि काळाकुट्ट. अर्ध्या तासाने कागदावरची पेन्सिलची खूण आणि ठिपका यांत अंतर पडले, डाग होता तिथेच राहिला, तेव्हा मुलांची खात्री पटली.

हाच घोटाळा १६३१ मध्ये फ्रेंच खगोलज्ञ पिएर गासेंदी यांचाही झाला होता, हे वाचून मला फार धीर आला. ग्रहगतीचे नियम मांडणारे जर्मन खगोलज्ञ केप्लर यांनी वर्तवल्याप्रमाणे ७ नोव्हेंबरला ते पॅरिसमध्ये बुधाची वाट पाहत होते. बुध बराच मोठा दिसेल असा तेव्हाचा समज होता, म्हणून तो इवलासा ठिपका त्यांना आधी सौरडागच वाटला. तो फार भराभर सरकतोय हे लक्षात आले आणि मग उलगडा झाला. दुर्बिणीतून नोंदलेले ते पहिले अधिक्रमण. केप्लर ते पाहायला उरले नव्हते, वर्षभरापूर्वीच ते वारले होते.

पण नुसते पाहणे आणि मोजून नोंदवणे यांत फरक आहे, हे माझे म्हणणे सर्वांत नीट कळते ते १६३९ च्या शुक्राच्या अधिक्रमणातून. इंग्लंडमधला जेरेमाया हॉरॉक्स हा विशीतला तरुण. केप्लरचे गणित तपासताना त्याच्या ध्यानात आले की शुक्र सूर्यावर येणार आहे, आणि हाती जेमतेम महिना आहे. त्याने आपला मित्र विल्यम क्रॅबट्री याला पत्राने कळवले. त्या रविवारी ढग होते. दुपारी सव्वातीनला ते फाटले आणि अंधाऱ्या खोलीत कागदावर पाडलेल्या सूर्यावर शुक्राचा काळा गोल आधीच आत आलेला दिसला. सूर्यास्ताला उणापुरा अर्धा तास होता. तेवढ्यात हॉरॉक्सने मोजमापे घेतली. तिकडे क्रॅबट्रीला सूर्य मावळायच्या बेतात असताना शुक्र दिसला आणि तो इतका हरखून गेला की बराच वेळ जागचा हललाच नाही. मोजमाप राहून गेले. आकृती त्याने नंतर आठवणीतून काढली. क्रॅबट्रीचा तो आनंद मला परका नाही, २००४ मध्ये शुक्र पाहताना मीही तसाच खिळून उभा होतो. पण शुक्र तेव्हाच्या समजुतीपेक्षा कितीतरी लहान दिसतो हे जगाला कळले ते हॉरॉक्सच्या आकड्यांवरून. तो बाविसाव्या वर्षी गेला. त्याचे टिपण १६६२ मध्ये खगोलज्ञ हेवेलियस यांनी छापले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

अशा नोंदींचे मोल आता संपले, असे कुणी म्हणेल. पण २००४ च्या शुक्राच्या अधिक्रमणात युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी या युरोपीय देशांच्या वेधशाळेने शाळांतली मुले आणि हौशी निरीक्षक यांच्याकडून स्पर्शांच्या वेळा मागवल्या. पृथ्वीवर दूरदूरच्या ठिकाणांहून शुक्र सूर्यबिंबाच्या किंचित वेगळ्या रेषेवरून जाताना दिसतो, त्यामुळे स्पर्शांच्या वेळांत फरक पडतो आणि त्या फरकावरून सूर्याचे अंतर काढता येते. ही इंग्लिश खगोलज्ञ हॅली यांच्या काळापासूनची पद्धत. त्या हजारो नोंदींवरून आलेले अंतर खऱ्या १४ कोटी ९६ लाख किलोमीटरपेक्षा फक्त सुमारे ११ हजार किलोमीटरने वेगळे होते. पृथ्वीच्या व्यासापेक्षाही कमी चूक! आणि नोंदी कुणाच्या, तर आपल्यासारख्यांच्या.

आज हेच कसब दूरच्या ताऱ्यांसाठी लागते. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो. गुरूएवढ्या ग्रहाने सुमारे एक टक्का. आठ इंची दुर्बीण आणि चांगला कॅमेरा असलेला हौशी निरीक्षक एवढी घट अंगणातून पकडतो. अशा ग्रहांच्या अधिक्रमणांची भाकिते दर फेरीगणिक थोडी थोडी चुकत जातात, म्हणून त्यांच्या वेळा पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात. मोठ्या अवकाश दुर्बिणींना एकेका ताऱ्यामागे इतका वेळ देता येत नाही. ते काम जगभरचे हौशी लोक करत आहेत. नजर ठेवायची, घड्याळ जुळवायचे, दिसले तेवढेच लिहायचे, ही सवय त्यांतल्या कित्येकांना सूर्यावरच्या ठिपक्यानेच लावली असेल. मला तरी त्यानेच लावली.

एका बाबतीत मात्र मी हात जोडून सांगतो. सूर्य हा खेळ नव्हे. २०१२ मध्ये आमच्याकडून मुख्य दुर्बिणीच्या बाजूच्या छोट्या फाइंडरचे (नेम धरायच्या लहान दुर्बिणीचे) झाकण लावायचे राहिले आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या बाहीला काही क्षणांत भोक पडले. तिथे कुणाचा डोळा असता तर? फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसलेला हवा. आयपीसमध्ये बसवायचे जुने काळे फिल्टर उष्णतेने तडकतात, ते फेकून द्यावेत. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांतले काहीही चालत नाही. ग्रहणाचा चष्मा दुर्बिणीच्या आयपीसशी लावून बघणे तर सर्वांत घातक. तोच चष्मा नुसता लावून शुक्र दिसला होता, पण बुध दिसणार नाही, तो सूर्याच्या दीडशेव्या भागाहून लहान असतो. त्याला दुर्बीण हवीच, आणि सोबत जाणते माणूस.

म्हणूनच आपल्याकडे एक मागणे आहे. अधिक्रमणाची बातमी बहुधा त्याच दिवशी सकाळी येते, आणि छायाचित्र दुसऱ्या दिवशी. तोवर हाती फिल्टरही नसतो आणि खोकेही तयार नसते. आपण निदान महिनाभर आधी स्पर्शांच्या वेळा, सुरक्षित पद्धत आणि नोंदीचा नमुना छापावा. हॉरॉक्सला महिनाच मिळाला होता आणि त्याला तेवढा पुरला.

बुधाचे पुढचे अधिक्रमण १३ नोव्हेंबर २०३२ रोजी आहे. ते जवळजवळ साडेचार तास चालेल आणि युरोप, आफ्रिका व आशियाच्या मोठ्या भागातून दिसेल. त्या दिवशी शनिवार आहे. ज्या वाचकाने प्रश्न विचारला त्यांनी आमच्या खोक्याजवळ यावे. त्यांच्यासाठी चौथी वही तयार ठेवतो.

आपला,
एक हौशी आकाशनिरीक्षक