विराली, त्या डायपरच्या वाक्यासाठी तुझे आभार

प्रिय विराली मोदी,

तुला सरळ अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस, माझी लेक तुझ्याहून थोडीच लहान आहे. आपली ओळख नाही. मराठीत लिहितेय कारण मनातलं सांगायचं तर मला दुसऱ्या भाषेत जमत नाही, आणि तू मुंबईची, कोणी ना कोणी वाचून दाखवेलच.

तू स्वतः व्हीलचेअर वापरतेस, आणि अपंगांना रेल्वेने नीट प्रवास करता यावा म्हणून २०१७ साली तू जी ऑनलाइन याचिका टाकलीस त्यात लिहिलं होतंस की गाडीत चढवताना हमालांनी तुला तीन वेळा नको तिथे हात लावला. पेपरमध्ये, टीव्हीवर तेच जास्त आलं आणि यायलाच हवं होतं. पण आमच्या घरात जे काय बदललं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. ट्रेनचं टॉयलेट वापरता येत नाही म्हणून डायपर घालावा लागला, आणि आडोसा नाही म्हणून तो बदलायला डब्यातले दिवे बंद व्हायची वाट बघत बसावं लागलं, हे तू लिहिलंस. स्वतःच्या नावानिशी लिहिलंस. २०१४ च्या मिस व्हीलचेअर इंडियामध्ये उपविजेती झालेली, मॉडेलिंग करणारी, नटायची हौस असलेली पोरगी जगासमोर हे सांगते म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी ती पाकिटं येतात त्यांनाच कळेल.

आमच्याकडे ती मेडिकलवाला पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत द्यायचा. लेक ती कपाटात सगळ्यात खाली, स्वेटरच्या मागे ठेवायची, सख्ख्या भावाला दिसू नये म्हणून. अपघातानंतर ट्रीटमेंटसाठी मुंबईला जावं लागायचं तर ही आदल्या दुपारपासूनच पाणी बंद करायची, मी ओरडायचे, डॉक्टर ओरडायचे, युरिन इन्फेक्शन होऊन ताप यायचा तरी ऐकायची नाही. तुझं ते लिहिलेलं तिने मोबाईलवर मला मोठ्याने वाचून दाखवलं. थांबली. मग परत वाचलं. आणि त्या रात्री पहिल्यांदा तिने मला सांगितलं की एका स्टेशनवर तिला उचलताना त्या माणसाने काय केलं होतं, मी बॅगा घेऊन दोन पावलांवर उभी असताना. इतके दिवस ते पोटात ठेवून होती माझी पोर.

मी तक्रार करायला गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी मला काय सांगितलं माहितीये? असले आरोप केलेत तर उद्या कोणी मदतीला यायचं नाही. म्हणजे मदत पाहिजे तर सहन करा. नातेवाईक म्हणाले, मग प्रवास करायचाच कशाला, घरी बसावं. आणि तिच्या कॉलेजात एक मोठे वक्ते आले होते, मनात आणलं तर काहीच अशक्य नाही वगैरे दीड तास बोलले, स्टेजला चार पायऱ्या होत्या, हिला खालीच बसवलं आणि वरून हिच्याकडे बोट दाखवून टाळ्या वाजवून घेतल्या. ते बोट मी विसरणार नाही.

तूही व्यासपीठावरून बोलतेस, लोक तुलाही मोटिव्हेशनल स्पीकरच म्हणतात, पण तू जिद्दीच्या गप्पा मारून मोकळी होत नाहीस, रॅम्प कुठे आहे ते विचारतेस. फलाट आणि डब्याच्या मधल्या त्या पायऱ्यांवर माणसाला पोत्यासारखं उचलावं लागू नये, एवढंच तुझं मागणं होतं. त्यातून केरळात एर्नाकुलम स्टेशनवर ने-आण करता येणारा रॅम्प आला, डब्याच्या आतल्या अरुंद वाटेतून जाईल अशी घडीची व्हीलचेअर आली. त्यासाठी ना नवा कायदा लागला ना कोटीकोटींचं टेंडर! तिथल्या अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं आणि केलं. त्यांचेही आभार.

आणि खारचं ते. १६ ऑक्टोबर २०२३, तुझ्या लग्नाचा दिवस. विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सह्या घ्यायला कोणी खाली यायला तयार नाही, नवरीला उचलून दोन जिने वर न्यावं लागलं. सरकारी इमारतींत सगळ्यांना जाता आलं पाहिजे असं सांगणारा कायदा २०१६ चा, त्यात मुदतसुद्धा घातलेली, आणि सात वर्षांनी मुंबईसारख्या शहरात ही गत. तू दोन दिवसांत ते जाहीर लिहिलंस, मला पाडलं असतं तर जबाबदार कोण, असं विचारलंस. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी माफी मागितली. लग्नाच्या आठवड्यात कोण भांडतं गं? मेंदी उतरायच्या आत तू आमच्यासाठी भांडलीस, मला हे वाचून रडू आलं होतं.

परवा आम्ही गाडीला गेलो तर एक वयस्कर हमाल आले. आधी मला काही विचारलं नाही, लेकीसमोर वाकले आणि म्हणाले, ताई, कुठं धरलं तर चालंल? तिने सांगितलं, तसं धरलं. बस एवढंच. रॅम्प अजून नाही आमच्याकडे, असायलाच हवा, पण त्या माणसाला कोणी ट्रेनिंग दिलं नव्हतं, कोणी परिपत्रक दाखवलं नव्हतं, आतूनच सभ्य माणूस. अशी माणसं आहेत म्हणून बरं. आणि लेकीनेही न लाजता, आवाज न कापता सांगितलं की काखेत नको, पाठीला आधार द्या. हे बोलणं तिच्यात तुझ्यामुळे आलं, विराली. आता ती पाणी पण पिते प्रवासात, पाकीट सॅकच्या वरच्या कप्प्यात असतं.

अजून एक. २००६ मध्ये तू अमेरिकेत कोमात होतीस, तेवीस दिवस, डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि तुझ्या आईने तुझ्या वाढदिवसापर्यंत थांबा म्हणून त्यांना विनवलं आणि त्याच दिवशी तू डोळे उघडलेस, हे मी वाचलंय. आयसीयूबाहेरची ती खुर्ची मलाही माहिती आहे. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की त्यांनी थांबवून धरलं त्याचा उपयोग माझ्यासुद्धा लेकीला झाला.

तुझी,
एका व्हीलचेअरवाल्या मुलीची आई