संभाजीनगरात एक अख्खा मंगळवार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सहा माणसं गाडीनं वेरूळ-अजिंठ्याला निघालो. अंबाजोगाईहून केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई असं करत शहागडच्या पुलावर गोदावरी लागली. तिथं नणंदबाईंनी गाडी हळू करायला लावली आणि काच खाली करून गंगामाईला हात जोडले. पाचोड, आडूळ मागे टाकून दिवेलागणीला छत्रपती संभाजीनगरात पोचलो. सोमवार होता. लॉजवरच्या मुलानं वहीत नावं लिहिता लिहिता विचारलं, "उद्या कुठं, मावशी?" मी म्हटलं, वेरूळ. "मंगळवारी वेरूळची लेणी बंद राहतात. अजिंठा सोमवारी बंद राहतो." अजिंठा उघडा होता खरा, पण जायचे शंभर किलोमीटर आणि नणंदबाईंचे गुडघे गाडीत बसून आखडलेले. माझ्या मुलानं विचारलं, "मग शहरात काय आहे?" लॉजवरचा मुलगा म्हणाला, "बीबी का मकबरा आहे की. तासाभरात होऊन जातो."

त्या तासाभराबद्दल हे पत्र लिहिते आहे.

मी त्रेसष्ट वर्षांची आहे. तीस वर्षं शिवणक्लास चालवते. या शहरात मी निदान दहा वेळा आले असेन. यजमानांना घाटीच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा अठरा दिवस होते. जमिनीच्या वाटणीचा दावा खंडपीठात गेला तेव्हा तारखांना आले. मुलीच्या गुणपत्रिकेसाठी विद्यापीठात दोन खेपा झाल्या. दर वेळी स्टँडवर उतरायचं, बांधून आणलेली भाकरी एखाद्या झाडाखाली खायची, काम उरकलं की मिळेल ती एसटी धरायची. आपल्या मराठवाड्यातल्या हजारो घरांची हीच गोष्ट असेल. या शहरात आपण दुखणी आणि कागद घेऊन येतो, त्यामुळे ते डोळे भरून बघायचं राहूनच जातं. पाहुण्यांना तरी काय सांगणार मग?

मंगळवारी सकाळी आठला भडकल गेटपाशी उभे राहिलो. मलिक अंबरानं 1610 साली खडकी वसवली, तेच हे शहर, आणि दोन वर्षांनी मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून हा दरवाजा उभा केला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला माणूस निजामशाहीचा वजीर होतो आणि दख्खनच्या खडकाळ माळावर पाणी खेळवून नगर वसवतो, हे नातीला सांगताना मलाच भरून आलं. समोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. शेजारच्या टपरीवरचा चहावाला म्हणाला, "बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, मावशी. आता थोडेच राहिलेत." त्या दिवशी पाहिलेल्या दरवाजांपैकी एकावर वाढदिवसाचे फलक असे बांधले होते की कमान शोधावी लागली. दरवाजा कुणी बांधला, कधी बांधला, हे सांगणारी पाटी आम्हाला तिथं दिसली नाही. नात चौथीत आहे, दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचते. वाढदिवसाच्या शुभेच्छा तिनं वाचल्या.

पाणचक्कीला मात्र आम्ही दोन तास हललो नाही. उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणलंय. वाटेत दगडी खांब बांधून ते वर चढवलंय आणि शेवटी उंच भिंतीवरून हौदात सोडलंय. त्याच्या जोरावर खाली लोखंडी पातं फिरायचं, पात्यावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ पडायचं. ही व्यवस्था 1744 सालची सांगतात. म्हणजे विजेचा पत्ता नसताना परक्या गावच्या उपाशी माणसाचं पीठ इथं पाणी दळत होतं. मी लहानपणी पहाटे आईबरोबर जात्यावर बसलेली बाई आहे. खुंटा धरून दंडाला येणारे पेटके मला ठाऊक आहेत, म्हणून त्या चक्कीपुढून माझा पाय निघेना. हौदाच्या तळाखाली दालन आहे, हौदाचा तळ हेच त्याचं छत. डोक्यावर पाणी आणि खाली माणसं गारव्याला बसलेली! मुलगा घड्याळ बघत होता, त्याला म्हटलं, आज कुठंच पोचायचं नाहीये.

मकबऱ्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं, म्हणून दोनच गोष्टी सांगते. पहिली म्हणजे औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं आपल्या आईसाठी, दिलरस बानूसाठी, तो बांधला. गरिबांचा ताजमहाल म्हणून त्याला हिणवण्याची रीत मला पटत नाही. लेकानं आईसाठी बांधलेलं आहे, त्याची बायकोसाठी बांधलेल्याशी बरोबरी कशाला करायची? दुसरी म्हणजे बांधणाऱ्यांची नावं. अताउल्ला आणि हंसपत राय ही दोन नावं प्रवेशद्वारावर कोरलेली आहेत. खर्चाचा आकडाही सांगतात: 6 लाख 68 हजार 203 रुपये आणि 7 आणे. ते सात आणे मला फार आवडले. कापडाचा, अस्तराचा, काज-बटणाचा हिशोब ठेवणाऱ्या बाईला कळतं की शेवटचा आणा लिहून ठेवणारं कुणीतरी तिथं होतं.

दुपारी सून आणि मुलगा नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायला गेले. तुघलकानं दिल्लीची राजधानी दौलताबादेला हलवली तेव्हा फौजेबरोबर हा पदार्थ आला असं म्हणतात. मी आणि नणंदबाई शाकाहारी, तेव्हा गुलमंडीवर गरम इमरती खाल्ली, सुपारी हनुमानाचं दर्शन घेतलं आणि कापडबाजारात शिरलो. दिवाळी होऊन गेली तरी गर्दी हटली नव्हती. लेसची रिळं, फॉलचे गठ्ठे, हुकांची पाकिटं. मी क्लाससाठी वर्षाचा माल तिथंच घेतला.

तिथून विचारत विचारत एका हिमरूच्या, म्हणजे इथल्या सुती-रेशमी नक्षीदार कापडाच्या, मागापर्यंत पोचलो. एकच माग चालू होता. विणकर सत्तरीचे असतील. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. ताणा, म्हणजे उभे धागे, सुती; बाणा, म्हणजे आडवे धागे, रेशमी. त्यांनी शालीचा तुकडा माझ्या हातात दिला तसा मी सवयीनं तो उलटा केला. सुलट बाजूला द्राक्षाच्या वेली आणि फुलं, उलट बाजूला सुटे धागे, नुसते तरंगत असलेले, कुठं बोटभर लांब. जे फूल वर दिसतं त्याचा धागा पुढच्या फुलापर्यंत पाठीमागून असा मोकळा जातो. ते म्हणाले, "बहेनजी, पहिल्यांदा उलटी बाजू बघणारं गिऱ्हाईक फार दिवसांनी आलं. दुसऱ्या बाजूनंच अस्सल ओळखतात." माझ्या नातीनं विचारलं, हे तुम्ही कुणाला शिकवता? ते हसले आणि धोटा टाकला. उत्तर दिलं नाही.

आता तक्रार, कारण ती लिहिल्याशिवाय पत्र खोटं होईल. गुलमंडीच्या सबंध भागात आम्हा बायकांना जाण्याजोगं स्वच्छतागृह सापडलं नाही. एक होतं, त्याला कुलूप. शेवटी एका कापड दुकानदारानं वर घरात हाक मारली आणि त्यांच्या सुनेनं नणंदबाईंना हाताला धरून जिन्यानं वर नेलं, वर पाणी आणि चहा दिला. त्या घराचे उपकार विसरणार नाही. पण पासष्ट वर्षांच्या बाईला अनोळखी घरात अशी विनवणी करायला लागू नये. सकाळपासून त्या पाणी कमी पीत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी मी हट्टानं नागसेनवनात गेले. बाबासाहेबांनी 1950 साली सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय तिथं आहे. माझे थोरले भाऊ तिथं शिकले. आमच्या घरातले पहिले पदवीधर. एका भाऊबीजेला त्यांनी गुलमंडीवरून परकर-पोलक्याचं हिरवं कापड आणलं होतं, खाणावळीच्या पैशातून वाचवून. आईनं ते मला बेतायला दिलं, ही माझी पहिली कात्री. भाऊ आता नाहीत. सुट्टी होती, आवारात झाडांखाली दोन-तीन मुलं अभ्यास करत बसली होती. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत वेरूळ-अजिंठ्यावर दर वर्षी छान लेख येतात, मी कापून ठेवते. एकदा या शहराच्या एका दिवसाचा नकाशा छापा. कुठून चालायला सुरुवात करावी, गाडी कुठं लावावी, बायकांची सोय कुठं आहे, कुठला दरवाजा कुणी बांधला. ज्यांच्या अखत्यारीत हे येतं त्यांनी दरवाजांवरचे फलक काढून साध्या मराठीत पाट्या लावाव्यात, मुलांना वाचता येतील अशा उंचीवर. आणि बाजारातल्या त्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, हे आपल्या बातमीदारानं एकदा विचारावं.

बुधवारी आम्ही वेरूळला गेलो. हिमरूचा तो तुकडा मी विकत घेतला. क्लासमध्ये भिंतीला लावलाय, उलटी बाजू वर करून.

आपली नम्र,
शिवणक्लास चालवणारी एक वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड