नोव्हेनाचा सहावा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संतांच्या मध्यस्थीने आजार बरा झाल्याबद्दल आभार मानणाऱ्या छोट्या जाहिराती वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतात. ज्यांचे माणूस वाचले नाही, त्यांची जाहिरात अर्थातच कधी येत नाही. अशाच एका घरातून हे पत्र लिहीत आहे.

माझी आई अत्यवस्थ असताना वडिलांनी संत रिटाचा नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केला होता. सहाव्या दिवशी आई गेली. पुस्तिकेत खुणेसाठी घातलेली औषधाची चिठ्ठी त्याच पानात राहिली. सांत्वनाला आलेल्यांपैकी दोघा-तिघांनी ‘श्रद्धा कुठेतरी कमी पडली असेल’ असे सुचवले आणि एकाने तर ‘ही प्रार्थना आजवर निष्फळ झालेली नाही’ असे छापलेले कार्ड वडिलांच्या हातात ठेवले. हेतू वाईट नसेलही. पण आधीच शोकाने वाकलेल्या माणसाच्या माथी अपराधाचे ओझे मारणे हा क्रूरपणाच आहे.

या मंडळींनी रिटाचे चरित्र तरी वाचावे. १४५७ मध्ये निधन पावलेल्या आणि १९०० मध्ये संतपद मिळालेल्या या इटालियन स्त्रीच्या पतीचा वैरातून खून झाला आणि त्यानंतर काही काळातच तिचे दोन्ही मुलगेही गेले. जिचे स्वतःचे घर असे रिकामे झाले, तिच्याकडे शोकाकुल माणसे जातात, कारण तिला काही समजावून सांगावे लागत नाही.

संत म्हणजे दुःखाच्या पलीकडे गेलेली माणसे, ही समजूतही तपासून पाहायला हवी. इसवी सन ३८७ मध्ये ऑस्टिया येथे संत मोनिकाचे निधन झाले, तेव्हा तिच्या मुलाने, म्हणजे संत ऑगस्टीनने, स्वतःच्या हातांनी तिचे डोळे मिटले आणि आपले अश्रू मात्र जबरदस्तीने आवरले. त्याचा किशोरवयीन मुलगा मोठ्याने रडू लागला, तर त्यालाही गप्प करण्यात आले. दफनाच्या वेळीही ऑगस्टीन रडला नाही. मन हलके होईल म्हणून स्नान करून पाहिले, त्याचाही उपयोग झाला नाही. झोपेतून उठल्यावर एकांतात बांध फुटला, आणि आईसाठी थोडा वेळ रडलो यात कोणाला पाप दिसत असेल तर त्याने मला हसू नये, असे त्याने पुढे लिहून ठेवले. एवढा मोठा धर्मपंडित, पण रडण्याचा खुलासा त्यालाही द्यावासा वाटला! बाराव्या शतकातील फ्रेंच मठाधिपती संत बर्नार्डचेही तसेच झाले: भाऊ जेरार्डला कोरड्या डोळ्यांनी निरोप देऊन तो नेहमीप्रमाणे प्रवचनाला उभा राहिला आणि मध्येच विषय सोडून भावासाठी शोक करू लागला.

फ्रान्समधील झेली आणि लुई मार्टिन या दाम्पत्याला २०१५ मध्ये संत घोषित करण्यात आले. त्यांच्या नऊ अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. ‘ती झालीच नसती तर बरे झाले असते’ असे लोक म्हणत, तेव्हा झेलीला ते बोलणे सहन होत नसे, हे तिच्या पत्रांतून कळते. असे बोलणारे लोक तेव्हाही होते, एवढाच काय तो दिलासा.

संतांची उपासना करायची नसते, ती फक्त परमेश्वराची. संतांना आपण ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ अशी विनंती करतो, अशी कॅथलिक शिकवण आहे. प्रोटेस्टंट बांधवांना हेही मान्य नाही आणि त्यांच्या भूमिकेचा मी आदर करतो. परंतु ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ असे आपण शेजाऱ्यालाही म्हणतोच, आणि त्यामुळे आपला माणूस वाचेलच अशी हमी त्याच्याकडे मागत नाही. मग ती हमी संतांच्या नावाने छापून वाटण्याचा अधिकार कोणाला आहे? धर्मगुरूंनी निदान अंत्यविधीच्या प्रवचनात याबद्दल स्पष्ट बोलावे, अशी माझी विनंती आहे.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी ती पुस्तिका पुन्हा उघडली. उरलेले दिवस आता कशासाठी, असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. ‘येथे आपली विनंती सांगावी’ अशी सूचना छापलेल्या ओळीपाशी ते थोडे थांबले, नुसते आईचे नाव घेतले आणि पुढे वाचू लागले.

आपला,
एक वाचक