मुलांच्या नोट्स कुलपात कशासाठी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ई-पुस्तकांवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून चिडचिड होतेय म्हणून लिहितेय. दप्तर हलकं होतं, एका यंत्रात अख्खं ग्रंथालय मावतं, सगळं मान्य. पण पैसे भरून घेतलेलं पुस्तक शेवटी कोणाचं, यावर एवढ्या मोठ्या लेखात एक ओळ नसावी?

माझी मुलगी यंदा दहावीत गेली. नववीचं विज्ञानाचं पुस्तक शाळेने सांगितलं म्हणून डिजिटल घेतलं, पूर्ण पैसे भरून. वर्षभर तिने त्यात जीव ओतून काम केलं, व्याख्या पिवळ्या केल्या, सूत्रं हिरवी, आणि बाई वर्गात जे जास्तीचं सांगायच्या ते बाजूला स्वतःच्या शब्दांत टाइप केलं. आरसे आणि भिंगांच्या गणितात चिन्ह कधी अधिक घ्यायचं आणि कधी उणे, यावर तिने इतकं स्वच्छ लिहिलं होतं की मला शाळेत कधी न कळलेली गोष्ट ते वाचून कळली. आता दहावीला ते लागणार म्हणून उघडायला गेली तर पुस्तकाचं कव्हर राखाडी, त्यावर कुलपाचं चित्र आणि खाली 'मुदत संपली आहे, नूतनीकरण करा'. पुस्तकाबरोबर तिच्या नोट्सही आत.

शाळा म्हणते प्रकाशकाशी बोला. प्रकाशकाच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळालं की मॅडम तुम्ही पुस्तक नाही, एका वर्षाचं लायसन्स घेतलंय, आणि अटी तुम्हीच मान्य केल्यात. बरं, पुस्तक तुमचं, पण पोरीने लिहिलेलं तुमचं कसं झालं? तेवढ्याच नोट्स वेगळ्या फाइलमध्ये काढून द्या म्हटलं तर सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच नाही. मुलगी आता आठवेल तसं वहीत उतरवून काढतेय.

हे आजचं दुखणं नाही हो. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं लोकांच्या किंडलवरून, म्हणजे त्यांच्याच ई-पुस्तक वाचायच्या यंत्रावरून, परस्पर काढून टाकली, कारण काय तर विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. अमेरिकेतला एक शाळकरी मुलगा त्यातलं एक अभ्यासासाठी वाचत होता, ज्या मजकुराला त्याच्या नोट्स जोडलेल्या तोच गेल्यावर त्या नोट्सचा काय उपयोग? तो कोर्टात गेला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांचे पैसे परत केले आणि ज्यांनी पुस्तकात खुणा-टिपणं केली होती त्यांना वर 25 डॉलर दिले. म्हणजे वाचणाऱ्याच्या टिपणांना किंमत असते हे त्यांनीही मानलं. आमच्या पदरात काय पडलं, तर नूतनीकरणाचं बटण!

कृपया मला ई-पुस्तकांची विरोधक समजू नका. ज्या मुलाला बारीक अक्षर दिसत नाही त्याला अक्षर हवं तेवढं मोठं करता येणं, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर येणं, ही फार मोठी सोय आहे. पण तुमच्या लेखकाने ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, आणि टॅब्लेट एकाच तागडीत टाकलेत. ई-रीडरचा ई-इंकचा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडात वाचता येतो आणि त्यावर गेम नाहीत, मेसेज येत नाहीत. टॅब्लेटवर धड्याच्या शेजारीच सगळी जत्रा. शिवाय 2018 मध्ये 54 अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी सांगितलं होतं की माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, त्यातही वेळ मोजून वाचायचं असेल तर जास्तच, गोष्टींच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसला नाही. पाठ्यपुस्तक म्हणजे माहितीपर मजकूरच की! हे लेखात यायला नको होतं?

आणि डिजिटल पुस्तक म्हणून स्कॅन केलेली पीडीएफ मुलांच्या माथी मारतात तेही थांबलं पाहिजे. अक्षर मोठं करायला जावं तर अर्धी ओळ स्क्रीनबाहेर जाते, प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवत वाचायचं, कोण वाचेल? राग मानू नका, पण तुमच्या ई-पेपरचीही हीच गत आहे. माझे वडील नजर कमी झाल्यापासून तो मोबाइलवर वाचायचे, याच कारणाने त्यांनी सोडला. त्याबद्दल मी आधीही मेल केला होता, उत्तर आलेलं नाही.

पुढचा लेख लिहाल तेव्हा प्रकाशकांना एवढं विचारा: वर्ष संपल्यावर पुस्तक कोणाकडे राहणार, आणि मुलांनी लिहिलेलं त्यांना परत कसं मिळणार. जी उत्तरं येतील ती जशीच्या तशी छापा, शाळांना पुढच्या वर्षाची पुस्तकं ठरवायच्या आत.

आपली,
एक पालक आणि जुनी वाचक